गॅस बंद, ऑफिस बंद

एजन्सीचं नाव इथे लिहिणार नाही, नवऱ्याला तसा शब्द दिलाय. रेडिंगमध्ये भाड्याचं घर शोधणाऱ्या कुणी समोरासमोर विचारलं तर मात्र मी गप्प बसणार नाही.

२२ डिसेंबरच्या संध्याकाळी शेगडीमागून वास यायला लागला. सासूबाईंना तो आधी आला. खिडक्या उघडल्या, विजेच्या कुठल्याही बटणाला हात न लावता सगळे फुटपाथवर येऊन उभे राहिलो आणि ०८०० १११ ९९९ ला फोन लावला. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कुठेही असा, गॅसच्या वासासाठी हाच नंबर. चोवीस तास चालू, फुकट. तासाभरात माणूस आला. गळती भिंतीतल्या जोडापाशी होती आणि त्या जोडाला वेगळा कॉक नव्हता, म्हणून त्याने मीटरपाशीच गॅस बंद केला, इशाऱ्याची चिठ्ठी अडकवली आणि गेला. हे लोक धोका थांबवतात, दुरुस्ती करत बसत नाहीत. शेगडी गेली. बॉयलर त्याच गॅसवर, त्यामुळे हीटिंग गेलं, गरम पाणीही गेलं.

आता जे सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही ते. ऑक्टोबरमध्येच मी एजन्सीला मेल केली होती की ज्योत पिवळी येते आणि शेगडीमागची नळी सैल वाटते. सोबत फोटो. उत्तर आलं, बर्नर साफ करून पाहा. गॅसची ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवणारी ज्योत म्हणजे जळण नीट होत नाहीये आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका असू शकतो. हे त्यांना मी सांगायचं!

२३ तारखेला सकाळी फोनवरची मुलगी अगदी साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली, इंजिनिअर बुक झालाय, दुपारी येईल. घरात पंचाहत्तरीच्या सासूबाई आहेत, पहिल्यांदाच या थंडीत आल्यात, हे सांगितलं. 'ओह, ब्लेस हर,' म्हणाली. दुपार गेली. चारच्या सुमारास अंधार पडायला लागला. परत फोन, तर उद्या सकाळी पहिलं काम तुमचंच.

२४ ला थर्मोस्टॅटवर ११ अंश दिसत होते. सासूबाई माकडटोपी, दोन स्वेटर आणि माझा ओव्हरकोट घालून सोफ्यावर बसलेल्या. वाट बघता बघता बॉयलरच्या कपाटाच्या दारावर एक स्टिकर दिसला, वार्षिक तपासणी करणाऱ्या फर्मचा. एजन्सी याच फर्मला कामं देते. म्हटलं, किती वाजता येताय एवढं तरी विचारू. पलीकडच्या माणसाने पोस्टकोड टाकला. परत एकदा विचारून घेतला. मग म्हणाला, 'या पत्त्यावरचं कामच नाहीये आमच्याकडे. मार्चमधल्या तपासणीनंतर काहीच आलेलं नाही.'

कुणी बुक झालंच नव्हतं. आम्ही खिडकीत उभे राहून प्रत्येक पांढऱ्या व्हॅनकडे आशेने बघत होतो, आणि ती मुलगी गोड बोलून आमच्या तोंडाला पानं पुसत होती. थंडीने नाही इतकं या एका वाक्याने माझं अंग थरथरलं.

एजन्सीला फोन केला. आता भाषा बदलली. 'सिस्टीमवर मालकांच्या मंजुरीची वाट बघतोय असं दिसतंय.' मग काल काय दिसत होतं? त्यावर, 'तशीही शेगडी आमच्याकडे येत नाही.' आणि शेवटी, 'वीज तर आहे ना तुमच्याकडे?' बारा वाजता ऑफिस बंद झालं, ते नव्या वर्षात उघडणार होतं.

कायदा काय म्हणतो ते मी त्या रात्री रजईत बसून वाचलं. तुम्ही उन्हाळ्यात वाचा. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टचं कलम ११ बघा. घरातले गॅसचे पाईप, हीटिंग आणि गरम पाण्याची सोय दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. शेगडीसारखं उपकरण त्या कलमात येत नाही, त्यामुळे त्यांचं वाक्य अर्धं खरं होतं. पण गळका जोड भिंतीतल्या पाईपचा होता, आणि पाईप त्यांचाच. अशा अर्ध्या खऱ्यावरच ही मंडळी भाडेकरूला गुंडाळतात. मालकाने दिलेल्या गॅसच्या उपकरणांची दरवर्षी तपासणी व्हायला हवी आणि तिचा दाखला २८ दिवसांत आपल्या हातात यायला हवा. तो मागून घ्या. न मागता मिळेल या भ्रमात राहू नका.

शेवटी मी मालकांनाच फोन लावला. घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी आपणहून नंबर दिला होता. एजन्सीने मात्र थेट संपर्क करायचा नाही अशी तंबी दिली होती. इतके दिवस ती पाळली, भीड म्हणून. मालक कॉर्नवॉलला मुलीकडे होते. 'मंजुरी? मला कुणी विचारलंच नाही,' म्हणाले. त्यांनी त्याच स्टिकरवरच्या फर्मला सांगितलं आणि २७ ला माणूस आला. जोड बदलला, दाब तपासला, बॉयलर पेटवला. चहा थंड व्हायच्या आत काम संपलं होतं.

मधले दिवस कसे काढले? घरातली एकच खोली धरली, दाराखाली टॉवेल सारले. २४ च्या दुपारी ऑइल भरलेला रेडिएटर आणि एक सुटं इंडक्शन विकत आणलं. ते त्याच दिवशी आणणं भाग होतं, कारण २५ ला इंग्लंडमध्ये मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात आणि रेल्वेही धावत नाही. कोपऱ्यावरचं छोटं दुकान उघडं असतं, पण तिथे दूध-पाव मिळेल, हीटर नाही. इंडक्शनवर सासूबाईंनी सांगलीहून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर चालेना. भांड्याच्या बुडाला फ्रिजवरचं मॅग्नेट चिकटलं तरच ते चालतं. आमच्या गणपतीच्या मॅग्नेटने घरातली अर्धी भांडी नापास केली. नाताळच्या दिवशी आम्ही तुरीच्या डाळीच्या नादी न लागता मुगाची खिचडी केली आणि फोडणी एकुलत्या एका लोखंडी तव्यावर दिली. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, गावाकडे चुलीवर बरं होतं.' मी काय बोलणार?

हीटर एक्स्टेंशनवर लावू नका, थेट भिंतीत लावा. तो आणि इंडक्शन एकाच दुहेरी सॉकेटवर नकोत. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात पेटवायचा विचारही नको, त्या धुराने माणसं मरतात. विजेच्या मीटरचे फोटो काढा, पावत्या जपा. फोनवर जे ठरलं ते लगेच मेलवर लिहून पाठवा. 'काम कोणत्या फर्मला दिलंय, कामाचा नंबर काय' हे विचारा, आणि मग त्या फर्मला स्वतः फोन करा. या एका प्रश्नाचं उत्तर २३ च्या सकाळी एजन्सीला देता आलं नसतं.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ओळखीचा, स्वस्तात करून देणारा माणूस सुचवलाच. नको. गॅसचं काम करणाऱ्याकडे गॅस सेफ रजिस्टरचं ओळखपत्र असलंच पाहिजे, आणि ते उलटून बघा. त्याला कुठली कामं करता येतात ते मागच्या बाजूला असतं. रागाच्या भरात भाडंही थांबवू नका, उलटी नोटीस आपल्यालाच येते. घर गोठवणारं थंड असेल तर कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खात्याकडे जाता येतं, पण सणात तिथेही फोन उचलायला माणूस कमीच.

मालकाचं नाव आणि पत्ता लेखी मागायचा हक्क भाडेकरूला आहे. एजन्सीला तो २१ दिवसांत द्यावा लागतो. नाताळात २१ दिवस घेऊन काय करणार? म्हणून आजच मागा. आमच्या एजन्सीकडून जानेवारीत एक मेल आली, सेवेबद्दल पाच ताऱ्यांपैकी किती देणार हे विचारणारी. दिलगिरी अजून आलेली नाही.