कॅन्सर आणि 'नॅनो': औषध नेमक्या घरी पोचवण्याचं शास्त्र

आपल्या इंटरनॅशनल सिटीत नवख्या पाहुण्याला घर शोधताना नाकी नऊ येतात. इंग्लंड, फ्रान्स, पर्शिया अशी क्लस्टरची नावं वेगळी, पण आत शिरलं की इमारती एकसारख्या! केमोथेरपीच्या औषधाची गतही अशीच. शिरेतून दिलेलं औषध सगळ्या शरीरात फिरतं आणि गाठीबरोबर केसांच्या मुळांचं, आतड्याचं, हृदयाचंही दार ठोठावतं.

डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध त्यातलंच. गुणकारी, पण हृदयाला जपावं लागतं. शास्त्रज्ञांनी ते चरबीच्या इवल्या पुड्यांत, म्हणजे लिपोसोममध्ये भरलं. एक पुडी साधारण १०० नॅनोमीटरची. आपला केस ८०,००० नॅनोमीटर तरी जाड असतो. निरोगी रक्तवाहिनीतून या पुड्या सहज बाहेर पडत नाहीत. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईघाईत वाढलेल्या, फटी असलेल्या. तिथून त्या झिरपतात. १९९५ साली अमेरिकेत 'डॉक्सिल' नावाने याला मान्यता मिळाली. हृदयाचा धोका कमी झाला, पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला. फुकट काहीच मिळत नाही!

२०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या सरकारने मुंबईच्या सन फार्माचं 'लायपोडॉक्स' तात्पुरतं मागवलं. पुढच्याच वर्षी कंपनीच्या औषधाला तिथे रीतसर परवानगी मिळाली. अभिमान वाटावा अशी गोष्ट.

पण 'नॅनो' म्हणजे जादू नव्हे. २०१६ मध्ये दहा वर्षांचे प्रयोग, बहुतेक उंदरांवरचे, एकत्र तपासले तेव्हा दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा हिस्सा साधारण ०.७ टक्केच निघाला. म्हणून गावाहून फोन आला, "नॅनोचं इंजेक्शन आहे, पैसे पाठव," तर पैसे पाठवण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा: या प्रकारच्या कॅन्सरसाठी याला मान्यता आहे का? साध्या औषधापेक्षा आमच्या पेशंटला नेमका काय फायदा?

निदानातही हे कण उपयोगी पडतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठीजवळ सूक्ष्म किरणोत्सारी कण टोचतात. ते काखेतल्या ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोचतात तीच काढून तपासतात. ती स्वच्छ निघाली तर बहुधा बाकीच्या ग्रंथी वाचतात आणि पुढे हात सुजण्याचा त्रास टळू शकतो.

मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम प्रतिबंधाचं आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणू कारण असतो. त्याच्या लसीत विषाणूची फक्त प्रथिनाची पोकळ टरफलं असतात, सुमारे ५५ नॅनोमीटरची. आत जनुकं नाहीत, त्यामुळे लागण होऊच शकत नाही. शरीर मात्र शत्रू ओळखायला शिकतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्वाव्हॅक' लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. इकडे अबुधाबीत शाळकरी मुलींना ही लस द्यायला २००८ मध्येच सुरुवात झाली होती. ती ९ ते १४ या वयात घेणं उत्तम, त्यामुळे घरात त्या वयाची लेक असेल तर शाळेच्या नर्सकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे चौकशी करा. आणि लस घेतलेली असली तरी तिशीनंतर तपासणी करावीच लागते.