आग न धरणारे, तरीही चिवट प्लॅस्टिक

गेल्या हिवाळ्यात एका रात्री आमच्या डॉर्मिटरीतल्या एक्स्टेन्शन बोर्डमधून धूर येऊ लागला. ड्युटीवरच्या सीनियरने मेन स्विच बंद केला, म्हणून निभावले. सकाळी पाहिले तर बोर्डाची कड वितळून काळी पडली होती आणि माझी मच्छरदाणी तिथून जेमतेम दोन हातांवर होती. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला.

प्लॅस्टिक तापले की त्याचे लांब रेणू तुटतात आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. ते वायू पेटतात, त्यांची उष्णता प्लॅस्टिकला आणखी तापवते. हे चक्र तोडले की आग थांबते. त्यासाठी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी पावडर प्लॅस्टिकमध्ये मिसळतात. सुमारे 200 अंश सेल्सियसला ती पाणी सोडते. त्यात उष्णता खर्च होते आणि वाफेमुळे ज्वलनशील वायू विरळ होतात.

केमिस्ट्रीच्या सरांच्या देखरेखीखाली मी इपॉक्सीच्या दोन पट्ट्या बनवल्या. साधी पट्टी ज्योत काढल्यावरही जळत राहिली. भरपूर पावडर घातलेली लगेच विझली. मी खूश! मग सरांनी तशाच दोन नव्या पट्ट्यांना वजन टांगायला लावले. साधी वाकली, पावडरवाली कट्कन तुटली.

कारण सोपे आहे. या पावडरीचा परिणाम दिसायला ती बऱ्याचदा वजनाने निम्म्याहून जास्त घालावी लागते. पण तिचे कण प्लॅस्टिकला नीट धरत नाहीत. जिथे गुठळी होते, तिथूनच भेग सुरू होते.

यावर उपाय आहेत. कण बारीक ठेवून त्यांवर सिलेनचा पातळ थर दिला, की ते प्लॅस्टिकशी घट्ट जोडले जातात. दुसरा उपाय मातीचा! मॉन्टमोरिलोनाइट या मातीचे पापुद्रे सुमारे 1 नॅनोमीटर जाडीचे असतात. जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात ते नायलॉनमध्ये मिसळले आणि थोड्याशा मातीने नायलॉन अधिक मजबूत झाले. अशी वस्तू जळू लागली की हे पापुद्रे पृष्ठभागावर साचून कवच तयार करतात आणि आग मंदावते. एकटी माती आग विझवेलच असे नाही. म्हणून ती इतर अग्निरोधकांच्या जोडीने वापरतात. मग पावडर कमी लागते.

सर म्हणाले, "चिलखत इतके जड नको, की जवानाला पळताच येणार नाही." पुढच्या टर्ममध्ये मी कमी आणि बारीक पावडर घालून नव्या पट्ट्या बनवणार आहे. या वेळी ज्योतीची परीक्षा झाली, तरी वजनाची होईपर्यंत खूश व्हायचे नाही, असे ठरवले आहे.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी