भरलेल्या बॅटरीत आणखी वीज गेली तर ती जाते कुठे?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यापासून बॅटरीतलं पाणी महिन्याभरातच खाली जातं, टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड साचते आणि हेडलाइटचा बल्ब दोनदा उडाला. मेकॅनिक म्हणतो, ‘‘ओव्हरचार्ज होतेय, नवीन बॅटरी टाका.’’ मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. बॅटरी भरली की वीज घ्यायची थांबत का नाही? आणि भरल्यावरही जी वीज आत जात राहते, ती भरल्या हंड्यातून पाणी वाहावं तशी वाहून जाते का? अशा बॅटऱ्या फुटतात म्हणे, ते खरं का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : हंड्याची उपमा निम्मीच लागू पडते. हंडा भरला की पाणी बाहेर सांडतं आणि गोष्ट तिथे संपते. बॅटरीतली जादा वीज बाहेर कुठेच सांडत नाही. ती आतच राहून नसते उद्योग सुरू करते आणि त्यातला पहिला उद्योग म्हणजे पाणी फोडणं.

गाडीच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या प्लेटा पातळ सल्फ्युरिक आम्लात उभ्या असतात. १८५९ साली फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांते यांनी अशी पहिली बॅटरी बनवली. तेव्हापासून प्लेटांची घडण आणि मिश्रधातू पुष्कळ सुधारले, मूळ रसायन मात्र तेच आहे. आपण सेल्फ मारतो तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं आणि आम्ल पातळ होतं. चार्जिंग होताना हेच सल्फेट पुन्हा प्लेटांवरून सुटतं आणि आम्ल घट्ट होतं. पूर्ण भरलेला एक सेल साधारण २.१ व्होल्ट दाखवतो, म्हणून सहा सेलची बॅटरी १२.६ व्होल्ट.

आता प्लेटांवरचं सगळं सल्फेट संपलं आणि तरीही बाहेरून वीज ढकलणं चालूच राहिलं, तर त्या विजेला करायला दुसरं काम उरत नाही. ती आम्लातल्या पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करू लागते. थोडे बुडबुडे आधीपासूनच येत असतात, पण सेलमागे साधारण २.४ व्होल्ट, म्हणजे अख्ख्या बॅटरीला १४.४ व्होल्ट ओलांडले की त्यांना जोर चढतो. कान देऊन ऐकलं तर आत खळखळ ऐकू येते. गॅरेजमध्ये याला ‘बॅटरी उकळते’ म्हणतात. प्रत्यक्षात ते उकळणं नसतं, वायू सुटत असतो.

किती वायू सुटतो याचा हिशेब फॅरडे यांनी १८३०च्या दशकातच मांडून ठेवलाय. एक अँपिअर इतकी जादा वीज तासभर चालली, तर सहा सेलमध्ये मिळून सुमारे दोन ग्रॅम पाणी फुटतं आणि अडीच लिटरच्या आसपास हायड्रोजन तयार होतो, शिवाय त्याच्या निम्मा ऑक्सिजन. दोन ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. पण भरलेल्या बॅटरीत पाच अँपिअर चार तास जात राहिले तर चाळीस ग्रॅम पाणी गेलं आणि पन्नास लिटर हायड्रोजन बाहेर पडला. तुमचं पाणी कुठे जातं, याचं उत्तर हे. आणि वायू बाहेर येताना आम्लाचे अतिसूक्ष्म तुषारही सोबत आणतो. ते टर्मिनलवर बसून धातू खातात; ती पांढरी-हिरवट पूड म्हणजे शिशाची आणि तांब्याची सल्फेटं.

बॅटरी घ्यायची थांबत का नाही, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण सगळी मेख तिथेच आहे. खरं तर ती जवळजवळ थांबते. बॅटरी जसजशी भरते तसतसं तिचं स्वतःचं व्होल्टेज चढतं. बाहेरून येणारं व्होल्टेज १४.२ वर धरून ठेवलं असेल, तर दोघांतला फरक कमी होत जातो आणि आत जाणारा प्रवाह आपोआप आटत अगदी थोडा उरतो. म्हणून अकोल्याहून पुण्यापर्यंत एका दमात गाडी चालवली तरी धडधाकट गाडीत बॅटरी ओव्हरचार्ज होत नाही. ‘लांब पल्ल्याला दिवसा हेडलाइट लावून ठेवा, जादा चार्ज जळून जातो’ हा सल्ला अजून काही जुने ड्रायव्हर देतात. पूर्वीच्या डायनामोच्या गाड्यांत त्याला थोडाफार अर्थ होता, आज नाही.

व्होल्टेज धरून ठेवण्याचं हे काम रेग्युलेटर करतो. आजच्या बहुतेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या आतच बसवलेला असतो. इंजिन जोरात फिरलं की अल्टरनेटर वाटेल तितकं व्होल्टेज तयार करू शकतो; रेग्युलेटर त्याच्या फिरत्या चुंबकाचा प्रवाह कमी-जास्त करून ते १३.८ ते १४.५च्या दरम्यान ठेवतो. तो बिघडून सताड उघडा राहिला, तर व्होल्टेज १५, १६ किंवा त्याच्याही वर जातं आणि बॅटरी बिचारी जे येईल ते घेत राहते. म्हणूनच ‘ओव्हरचार्ज होतेय, बॅटरी बदला’ हे वाक्य मला पटत नाही. दोष रेग्युलेटरचा असेल तर नवी बॅटरीही काही महिन्यांत त्याच वाटेने जाईल आणि तुम्ही पुन्हा त्याच दुकानात उभे असाल.

रेग्युलेटर चांगला असून फसवला जातो, असंही होतं. काही गाड्यांत बॅटरीचं व्होल्टेज त्याला एका वेगळ्या वायरने कळतं. त्या वायरचा जोड गंजला किंवा अर्थिंग ढिलं झालं, तर बॅटरी भरलेली असूनही त्याला ती उपाशी दिसते. इलाज म्हणजे एखादा नट घासून घट्ट करणं, खर्च जवळपास शून्य. पण शोधणार कोण!

एका बाबतीत मात्र दोष बॅटरीचाच असतो. सहांपैकी एक सेल आतून शॉर्ट झाला, तर उरलेल्या पाच सेलना १४.४ व्होल्ट वाटून घ्यावे लागतात. म्हणजे सेलमागे जवळजवळ २.९ व्होल्ट. अल्टरनेटर निर्दोष, रेग्युलेटर निर्दोष, तरी पाच सेल खळखळत राहतात आणि सहावा थंड. अशी बॅटरी रात्रभर गाडी उभी ठेवल्यावर साडेदहा व्होल्टच्या आसपास दाखवते. तेव्हा ती खुशाल बदला.

आणि तुम्ही अकोल्याचे, तेव्हा उन्हाला वगळून चालणार नाही. बॅटरी तापली की तेच व्होल्टेज तिला जास्त होतं. २५ अंशांना जे योग्य, त्याच्यापेक्षा ४५ अंशांना सुमारे अर्धा व्होल्ट कमी हवं. मे महिन्यात बाहेरच तेवढं तापमान असतं, बोनेटखाली त्याहून अधिक. चांगले रेग्युलेटर उष्णता बघून व्होल्टेज थोडं उतरवतात, पण ते स्वतः अल्टरनेटरमध्ये बसून अल्टरनेटरचं तापमान मोजतात, बॅटरीचं नाही. त्यामुळे विदर्भात उन्हाळ्यात पाणी थोडं लवकर उतरणं स्वाभाविक आहे. पण गेल्या उन्हाळ्यापासून आजवर दर महिन्याला उतरतंय म्हणता, ते स्वाभाविक नाही. शिवाय बल्बही साक्ष देतात. फिलामेंटच्या बल्बचं आयुष्य व्होल्टेज पाच टक्के वाढलं तरी जवळपास निम्मं होतं. रेस केल्यावर हेडलाइट एकदम उजळ होत असतील, तर माझा संशय रेग्युलेटरवरच.

संशय फेडायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलवर १२.६च्या आसपास दिसलं पाहिजे. मग इंजिन चालू करून, सगळे दिवे आणि एसी बंद ठेवून थोडी रेस द्या आणि पुन्हा मोजा. १४.५पर्यंत ठीक. १५च्या वर जाऊन तिथेच टिकत असेल, तर गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या आणि आकडा त्याला सांगा. एक सूचना : अलीकडच्या काही गाड्यांत संगणकच अल्टरनेटर चालवतो. तिथे ब्रेक लावताना आकडा क्षणभर १५जवळ जाणं आणि पुन्हा उतरणं हा बिघाड नसतो.

कोणी मेकॅनिक ‘अल्टरनेटर तपासतो’ म्हणून चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल उपटायला गेला, तर त्याचा हात धरा. बॅटरी सुटताच व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं आणि गाडीच्या कंट्रोल युनिटचा निकाल लागू शकतो. ते युनिट बॅटरीपेक्षा फार महाग असतं. बारा व्होल्टच्या कारला ट्रकच्या चोवीस व्होल्टवरून जंप देणं हेही याच जातीचं धाडस.

आता फुटण्याबद्दल. होय, फुटते. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असेल तर ते मिश्रण पेट घेतं. इतका रुंद पट्टा फार कमी वायूंचा आहे. पेटायला डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी ठिणगीही पुरते. चार्जर चालू असताना चिमटा काढला की ती पडते. बिडी तर आहेच. पण पुष्कळदा ठिणगी बॅटरीच्या आतच पडते. पाणी इतकं उतरतं की प्लेटांची डोकी उघडी पडतात, वर वायूला मोकळी जागा होते आणि ज्यांनी सेल एकमेकांना जोडलेत त्या पट्ट्यांपैकी एखादी ढिली असेल, तर सेल्फ मारताक्षणी तिथे ठिणगी उडते. मग प्लॅस्टिकच्या चिंधड्या आणि आम्ल तोंडावर. गॅरेजवाल्यांनी चष्मा घालावा हे सांगून मी थकलो. आम्ल डोळ्यांत गेलंच तर लगेच साध्या पाण्याच्या धारेखाली किमान पंधरा मिनिटं डोळे धुवा आणि मग थेट डॉक्टर. खायचा सोडा बॅटरीच्या ट्रेवर सांडलेल्या आम्लासाठी ठीक आहे, डोळ्यांसाठी नाही.

फुटणं विरळा, झिजणं रोजचं. ओव्हरचार्जमध्ये धन प्लेटेची शिशाची जाळी गंजून फुगते, तिच्यातला तपकिरी लेप सुटून तळाला गाळ साचतो. हायड्रोमीटरमध्ये पाणी गढूळ आलं तर समजा, झीज बरीच झालीय. बॅटरीच्या भिंती फुगल्या असतील, किंवा बोनेट उघडताच सडक्या अंड्यांचा वास आला, तर तिला हात लावू नका, इंजिन बंद करा, बोनेट उघडं ठेवून लांब व्हा. तो हायड्रोजन सल्फाइड असतो. तो विषारी तर आहेच, वर जास्त प्रमाणात नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. (पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरकडून तसाच वास आला तर कारण वेगळं असू शकतं.)

तोवर पाणी घालाल ते डिस्टिल्डच घाला. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी शुद्ध असतं हा आपल्याकडचा लाडका समज आहे. ते कॉइलवरची धूळ आणि धातू सोबत घेऊन येतं. आणि आम्ल तर मुळीच घालू नका. उडून गेलंय ते पाणी, आम्ल जवळपास सगळं आतच आहे.

प्रश्न : आमच्या घरचा इन्व्हर्टर वर्षभर प्लगलाच असतो, पण वीज क्वचितच जाते. मग त्याची बॅटरी रोज ओव्हरचार्ज होते का? बॅटरी देवघराच्या ओट्याखालच्या कपाटात ठेवली आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : इन्व्हर्टर धड असेल तर नाही. बॅटरी भरली की तो व्होल्टेज साडेतेरा-पावणेचौदावर उतरवतो आणि तेवढ्यावर ती महिनोन्‌महिने राहू शकते. बॅटरी हाताला सतत कोमट लागत असेल, दिवसभर खळखळत असेल किंवा दर महिन्याला पाणी मागत असेल, तर इन्व्हर्टरचं चार्जिंग सर्किट तपासून घ्या.

मला काळजी वाटते ती कपाटाची. पाणी घालावी लागणारी बॅटरी नीट चार्ज होत असतानाही थोडा हायड्रोजन सोडतेच. तो सगळ्यात हलका वायू, फटीतून सरळ वर जातो, आणि वर तुमची समई तेवत असते. समई विझवा, कपाट उघडून खोलीत वारा खेळू द्या, मग इन्व्हर्टरवाल्याला बोलावून बॅटरी गॅलरीत किंवा खिडकीजवळ, जिथे ज्योत आणि मुलांचे हात पोचत नाहीत, अशा उघड्या जागी हलवून घ्या. हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.