उंचीवरचे कोबीचे बी

प्रश्न : कोबीचे बियाणे कुलू खोऱ्यातूनच का येते? उंचीवरचे बी अधिक कसदार असते काय?
— एक बागाइतदार, जुन्नर तालुका

उत्तर : समुद्रसपाटीपासून दर 1,000 मीटर चढणीस हवेचे तापमान सरासरी 6.5 अंशांनी उतरते. आणि कोबीच्या गड्ड्यास फुलदांडा फुटण्यापूर्वी कित्येक आठवडे 10 अंशांखालील थंडी सोसावी लागत असल्याने, जे कार्य आपल्या मुलखातील हिवाळ्याच्या आवाक्याबाहेरचे, ते कुलू खोऱ्यातील कटराईनसारख्या पहाडी ठिकाणी निसर्गतःच सिद्धीस जाते. शिवाय थंड हवेत दाणा सावकाश भरून बहुधा टपोरा होतो, आणि त्याच्या तेलात लिनोलेनिक आम्लासारख्या असंपृक्त स्निग्धाम्लांचे प्रमाण वाढते. मात्र ही आम्ले प्राणवायूशी लवकर संयोग पावतात, सबब दमट गुदामात असे बी ठेवणे नुकसानीचे ठरते. शेंगा पिवळ्या पडण्याच्या सुमारास पावसाने गाठले, तर उंचीवरचे बीही काळवंडते व बुरशी धरते. तेव्हा केवळ मुक्कामाच्या नावावर न भुलता पाकिटावरील दाखला वाचावा : उगवण निदान 70 टक्के आणि ओलावा 7 टक्क्यांच्या आत, हवाबंद डब्यातील बियाण्यास तर 5 टक्क्यांच्याच आत असावा.