आधी पाणी, मग विळी

खानावळ काढते आहेस, तर ऐक. हिशेबाचं तुझं तू बघशील, मी भाजीचं सांगते.

पालेभाजी आधी निवडायची, मग धुवायची, मग चिरायची. चिरून मग धुणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. त्यात सत्त्व वाहून जातं ते जातंच, शिवाय पानावरची घाण चिरलेल्या कडांतून आत शिरते. मेथी-पालक परातभर पाण्यात बुडव, खळबळ आणि हाताने वर उचलून रोळीत टाक. परात रोळीवर उपडी केलीस तर तळाला बसलेली माती परत भाजीवरच येते. तळाशी कचकच लागेनाशी होईपर्यंत पाणी बदल. आणल्या आणल्या सगळं धुऊन फ्रिजमध्ये कोंबू नकोस, ओली कोथिंबीर लगेच काळी पडते. कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेव आणि लागेल तेव्हा धू.

मिठाच्या पाण्याने फ्लॉवरमधल्या अळ्या निघतात, जंतू मरत नाहीत. साबण तर नकोच, तो भाजीत मुरतो. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळणं, बस. कलिंगडाची सालही धुवायची. आपण साल खात नाही, पण सुरी तिच्यातूनच आत जाते ना!

शिजणाऱ्या भाजीचं मला फारसं भय नाही, आच बरंच सांभाळून घेते. भय आहे ते कच्च्याचं: कोशिंबीर, हिरवी चटणी, कांदा-लिंबाची ताटली. कोबीतली हिरवी अळी मेंदूत जाते म्हणतात, ते खोटं. मेंदूत जाऊन बसतो तो पट्टकृमी. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात, घाण पाणी पाजलेल्या भाजीवर किंवा न धुतलेल्या हातांवर. म्हणून आचारी नेमताना त्याच्या हाताची चव विचारशील तेव्हा नखंही बघ. कच्चं चिरायची विळी आणि पाट वेगळे ठेव. मटण-चिकन करणार असशील तर कोशिंबिरीचं आधी उरकून घे. चिरलेली फळं आणि चटणी दोन तासांवर बाहेर राहू देऊ नकोस, उन्हाळ्यात त्याहून कमी. आणि गिऱ्हाइकाच्या ताटलीत उरलेला कांदा परत डब्यात जाताना दिसला तर त्या वाढप्याला त्याच दिवशी रजा दे.

मोडांचं मात्र नीट लक्षात ठेव. मटकीला मोड यायला ऊब लागते, ओल लागते. जंतूंनाही तेच हवं असतं. 2011 साली जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि तपास जाऊन पोचला तो मेथीच्या मोडांवर. जंतू बियांबरोबरच आले होते, वरून धुऊन काय होणार? आपल्याकडे उसळ शिजवतात हे बरं आहे. हल्ली भेळेवर, सॅलडमध्ये कच्चे मोड पेरायची हौस आलीय. तुझ्याकडे पेरायचेच असतील तर आधी चांगले वाफवून घे. तू बाहेर जेवायला गेलीस तरी हेच: वाफाळतं ते खा, सुकलेला कांदा आणि आंबूस वासाची चटणी बाजूला सरकव.

आचेलाही न जुमानणारं एक आहे, कडू दुधी. दुधी असो, काकडी असो, दोडका असो, चिरताना टोकाचा बारीक तुकडा जिभेला लावायचा. कारल्याचा कडूपणा वेगळा, तो त्याचा धर्म. दुधी कडू लागला तर त्यात विष असतं आणि ते शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. तुकडा थुंक, चूळ भर आणि अख्खा दुधी टाकून दे. चिंच-गूळ घालून कडूपणा मारायला जाऊ नकोस. हिरवा पडलेला बटाटाही तसाच. थोडासा हिरवा असेल तर तेवढा भाग खोल काढून टाक, जास्त असेल तर सगळाच फेक. बटाट्याचं पोतं उजेडात ठेवू नकोस.