अनइन्स्टॉल केल्यावरचं काम

वडवणी, जि. बीड

चि. बाळू यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, प्रोग्राम काढल्यावर मागे कचरा उरतो, तो साफ करायला कोणता क्लीनर टाकू?" तुझ्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. आता निवांत लिहितोय. कोणताच टाकू नकोस. मागे उरलेलं सगळंच काढायचं नसतं. ज्याच्यामुळे काम अडतंय तेवढं शोधून काढायचं, नुसतं पडून असेल ते पडू द्यायचं.

प्रोग्राम मशीनवर येतो तेव्हा स्वतःच्या फाइली आणतो आणि विंडोजच्या काही सेटिंग बदलतो. अनइन्स्टॉल केलं की फाइली बहुतेक जातात, पण बदललेल्या सेटिंग पहिल्यासारख्या होतीलच असं नाही. पूर्वी या सेटिंग ज्याच्या त्याच्या आयएनआय फाइलीत असायच्या. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि त्या रजिस्ट्री नावाच्या एका सामाईक नोंदवहीत एकत्र नांदू लागल्या, त्यामुळे एकाची नोंद उपटताना दुसऱ्याला धक्का लागू शकतो. काही प्रोग्राम तर मुद्दाम नोंदी ठेवून जातात. खोडवा घ्यायचा असला की ऊस तोडताना बुडखा राखतात, तसंच हे. पुन्हा टाकला की जुन्या सेटिंग आपोआप येतात.

आता अडतं कुठे ते बघ. आपल्याकडे दुरुस्तीला सेवा केंद्रांची मशीनं जास्त येतात. केंद्रवाल्यानं थंब मशीन बदललं, दुसऱ्या कंपनीचं घेतलं, की जुन्याचा ड्रायव्हर तो काढतो आणि आरडी सर्व्हिस, म्हणजे थंब मशीन आणि वेबसाइट यांना जोडणारा प्रोग्राम, तशीच राहते, कारण ॲप्सच्या यादीत त्या दोघांची नावं वेगवेगळी असतात. ही सर्व्हिस १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच मशीनच्या आत, १११०० ते १११२० यांपैकी एखाद्या पोर्टवर बसलेली असते. वेबसाइट या पोर्टांवर एकेक करून हाक मारत जाते. जुनी सर्व्हिस आधी 'ओ' देऊन बसली, की नवं यंत्र जोडलेलं असूनही तयार नसल्याचा मेसेज येतो. बाहेर पीएम-किसानच्या ई-केवायसीला माणसं ताटकळलेली असतात आणि केंद्रवाला वायर काढून लावत बसतो. अशा वेळी सर्व्हिसेसची यादी उघड, जुन्या कंपनीची सर्व्हिस बंद कर आणि तिच्या नावाचं जे जे ॲप्सच्या यादीत असेल ते रीतसर अनइन्स्टॉल कर. रजिस्ट्रीला हातही लावावा लागत नाही.

दुसरी तक्रार नेटची. वायफाय जोडलेलं दिसतं, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. काही व्हीपीएन आणि जाहिराती अडवणारे प्रोग्राम सगळं नेट स्वतःमधून फिरवतात. ते गेले तरी प्रॉक्सीच्या खान्यात १२७.०.०.१ तसंच राहतं. तिथे उत्तर द्यायला आता कुणी नाही, मग पान उघडणार कुठून? सेटिंगमध्ये नेटवर्क, त्यात प्रॉक्सी, तिथलं मॅन्युअल बंद कर. विंडोज नव्यानं टाकायची भाषा त्याआधी काढू नकोस.

अँटिव्हायरस नीट निघाला नाही, तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापर. बहुतेक मोठ्या कंपन्या ते देतात. फोल्डर हातानं उडवून टाकलेलं असेल आणि यादीत नाव तेवढं उरलं असेल, तर तोच प्रोग्राम पुन्हा टाकून रीतसर काढ.

फॉन्टच्या बाबतीत मात्र हात आखडता घे. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या मराठी फॉन्टांत अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. टायपिंगचा प्रोग्राम नको झाला म्हणून त्याचे फॉन्टही साफ केलेस, तर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे करारनामे, अर्ज, लग्नपत्रिका उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसेल. मजकूर जागेवर असतो, वाचता मात्र येत नाही. नवं काम युनिकोडमध्ये होत असलं, तरी जुनी कागदपत्रं आहेत तोवर ते फॉन्ट राहू दे.

रजिस्ट्री उघडायची वेळ आलीच, तर आधी रिस्टोअर पॉइंट कर. ती सोय चालू आहे का तेही बघ, कित्येक मशीनवर ती बंदच असते. मग जी नोंद काढायची ती एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेव. कंपनीच्या नावाचा कप्पा सापडला म्हणून लगेच डिलीट दाबू नकोस. त्याच कंपनीचा दुसरा प्रोग्राम चालू असेल, तर त्याचंही लायसन्स त्याच कप्प्यात असू शकतं. शोध लावून येईल ती ओळ उडवत सुटणं तर नकोच. जी नोंद कशाची आहे हे तुला तोंडानं सांगता येत नाही, ती काढायची नाही.

क्लीनर नको म्हणतो तो याचसाठी. शेकडो चुका सापडल्याचं लाल अक्षरात दाखवून तो माणसाला घाबरवतो. पडून राहिलेली नोंद म्हणजे जेमतेम काही बाइट, ती काढून मशीन पळायला लागत नाही. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही, आणि बिघाड झाला तर विंडोज पुन्हा टाकावं लागू शकतं.

शेवटचं सांगतो, ते पैशाचं आहे. हिशेबाच्या प्रोग्रामचं डेटा फोल्डर गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय काढू नकोस. ते कधी कधी प्रोग्रामडेटासारख्या लपवलेल्या फोल्डरात असतं आणि बघणाऱ्याला कचराच वाटतं. काम झालं की बिलाच्या मागे दोन ओळी लिहून दे: काय काढलं, आणि काय मुद्दाम ठेवलं. त्याला वाचून फार कळणार नाही, पण सहा महिन्यांनी तेच मशीन परत आलं की तुला कळेल, आणि दुसऱ्या कुणाकडे गेलं तर त्यालाही.

ताईला नमस्कार सांग. दुकानाची वेळ पाळ.

तुझा,
मामा