लग्नाचा फोटो

लग्नघर म्हटलं की किती तरी हात कामाला लागतात. जुन्या काळी कुंभार बोहल्याची मडकी आणी. सुतार पाट आणि चौरंग करी. गुरव पत्रावळी लावी. कासार चुडा भरी. परीट पायघड्या घाली. ज्याचं त्याचं काम ठरलेलं आणि मानही ठरलेला. या मंडळींत फोटोवाला कुठंच नव्हता. तो मागाहून आला. म्हणून त्याला नारळ नाही, टोपी नाही. पण आता त्याच्यावाचून लग्न अडतं. मुहूर्त जवळ आला की गुरुजींच्या आधी त्याची चौकशी होते.

फोटोची विद्या 1839 साली फ्रान्स देशात जाहीर झाली. मुंबईत ती लवकरच पोचली. 1854 साली तिथं फोटो काढणाऱ्यांचं एक मंडळही निघालं. खेड्यात यायला मात्र तिला फार वर्षं लागली. ती आली तरी म्हातारी माणसं भीत. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं म्हणत.

मी चऱ्होलीचा. लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा. चाळीस वर्षं झाली. या धंद्यात काय काय दिसतं, ते तुम्हांला सांगतो.

मी शिकलो तेव्हा कॅमेऱ्यात रोल घालावा लागे. एका रोलमध्ये फोटो बारा. बारा म्हणजे बारा, तेरावा नाही. गरिबाच्या लग्नाला एकच रोल. मग घरधनी म्हणे, "फोटोवाले, जपून दाबा, एक फोटोसुद्धा वाया जाता कामा नये." काढलेला फोटो लगेच दिसत नसे. रोलवर चांदीचा क्षार लावलेला असतो. उजेड पडला की तो बदलतो. पण ते डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत औषधात रोल धुतला, की मग चित्र उठतं. तेही उलटं. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. त्याला निगेटिव्ह म्हणतात. त्यावरून कागदावर छापलं की माणूस सुलटा दिसतो. हे सगळं लग्नानंतर दोन-चार दिवसांनी. तोवर नवरी सासरी गेलेली. फोटो चुकला तर पुन्हा लग्न लावता येत नाही!

बारांतला पहिला फोटो हळदीचा. दोन देवकाचे आणि घरच्या मंडळींचे. पण खरा जीव अडकायचा तो अंतरपाटात. दोघं जण पाट धरून उभे. इकडं नवरा, तिकडं नवरी, पाठीशी मामा. मंगलाष्टकं चाललेली. शेवटचं 'सावधान' झालं की पाट ओढतात, वाजंत्री वाजते, अक्षता पडतात आणि दोघं एकमेकांना पाहतात. तेवढ्यात कळ दाबायची. फ्लॅशला पुन्हा तयार व्हायला आठ-दहा सेकंद लागत. म्हणजे संधी एकच. माझ्या वस्तादांनी मला एक गोष्ट शिकवली. ते म्हणाले, "नवरीच्या तोंडाकडं बघत बसू नकोस. पाट धरणाऱ्याच्या हाताकडं बघ. मूठ सैल झाली की दाब." आजही मी हाताकडंच बघतो. तरी कधी मधेच एखादे पाहुणे हात वर करून उभे राहतात, आणि फोटोत नवऱ्याऐवजी पाहुण्यांची कोपरं येतात.

दुसरी पंचाईत मंडपाची. लाल कापडाच्या मंडपात सगळ्यांची तोंडं लाल येतात, पिवळ्यात पिवळी. मग लोक म्हणतात, फोटोवाल्याला काम येत नाही. म्हणून सांगतो, बोहल्याच्या वर तरी पांढरं कापड लावा.

आता दुसरी एक गोष्ट. ती कॅमेऱ्याची नाही, माणसांची आहे. घरच्या मंडळींचा फोटो काढायचा म्हणून मी हाका मारतो. काका येतात, मामा येतात, आत्या येते. नवरीची आई येत नाही. ती लांब खांबाआड उभी. का, तर तिचा नवरा वारलेला. जिनं कष्ट करून पोरगी वाढवली, तिचाच फोटो नाही. पुढं नातवंडं विचारणार, "आमची आजी कुठाय?" मी अशा वेळी कॅमेरा खाली ठेवतो. म्हणतो, "मावशी, तुम्ही आल्याबिगर मी फोटो काढणार नाही." कुणी कुरकुरतं, कुणी गप्प बसतं. बहुतेक वेळा नवरीच जाऊन आईला हाताला धरून आणते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 साली ग्रामसभेत ठरावच केला, की विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या चाली आपल्या गावात बंद. सरकारनंही मग इतर गावांना तसं करायला सांगितलं. लग्नातल्या फोटोला वेगळा ठराव कशाला लागतो?

आता कागदाचं बोलू. आमच्या शेजारी आळंदी. माउलींचं गाव. तिथं धर्मशाळा पुष्कळ, मंगल कार्यालयं पुष्कळ, खर्च बेताचा. म्हणून लांबलांबून लोक लग्न लावायला येतात. कधी दोनशे माणसांचं वऱ्हाड, कधी नुसती चार माणसं: नवरा, नवरी आणि त्यांचे दोन मित्र. घरच्यांचा विरोध असतो म्हणून आलेले असतात. अशा लग्नात वाजंत्री नाही, जेवणावळ नाही. फोटो मात्र हवाच. कारण लग्नाची नोंद करायला तो लागतो.

ही नोंद काय असते? आपल्या राज्यात त्यासाठी 1998 सालचा कायदा आहे. लग्न लागल्यापासून 90 दिवसांच्या आत नोंद करावी. उशीर झाला तर जादा पैसे भरावे लागतात. नवरा, नवरी आणि तीन साक्षीदार यांनी कचेरीत जायचं. सोबत वयाचा दाखला, राहण्याचा पुरावा, लग्नपत्रिका आणि लग्नाचा फोटो न्यायचा. खेड्यात ही नोंद ग्रामपंचायतीत होते, शहरात महापालिकेच्या कार्यालयात. आमची चऱ्होली बुद्रुक 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. चऱ्होली खुर्द राहिली खेड तालुक्यात. नाव एक, पण कचेऱ्या दोन!

तर कुठला फोटो जपायचा? लोक स्टेजवर खुर्चीत बसलेला फोटो मोठा करून भिंतीला लावतात. तो दिसायला चांगला. पण नुसतं शेजारी बसल्यानं लग्न होत नाही. 1955 सालच्या हिंदू विवाह कायद्यात म्हटलं आहे, की ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पुरं होतं. 2024 साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्यानं हिंदू लग्न होत नाही. म्हणून सप्तपदीचा फोटो हवा, आणि त्यात दोघांची तोंडं ओळखू यायला हवीत. बौद्ध लग्नात सप्तपदी नसते. तिथं प्रतिज्ञा घेतानाचा आणि हार घालतानाचा फोटो घ्यावा. मी गुरुजींना आधीच सांगून ठेवतो, "सातव्या पावलाला जरा थांबा." काही गुरुजींना राग येतो. येऊ दे.

या फोटोचं मोल मला एका बाईनं शिकवलं. तिचं लग्न मीच काढलं होतं. चौदा वर्षांनी ती दुकानात आली. सोबत लहान मुलगा. नवऱ्यानं दुसरा घरोबा केला होता, आणि ही माझी बायकोच नव्हे असं तो कोर्टात म्हणत होता. नोंद केलेली नव्हती. तिच्या घरातले फोटो त्यानंच फाडून टाकले होते. मी निगेटिव्हची पेटी काढली. प्रत्येक पाकिटावर मी तारीख, गाव आणि दोन्हीकडची आडनावं लिहितो. पाकीट पाच मिनिटांत सापडलं. पुढं मला साक्षीला जावं लागलं. हा फोटो मी काढला, अमक्या दिवशी काढला, ही त्याची निगेटिव्ह, एवढं सांगितलं. तिचे दोन साक्षीदारही होते. नुसत्या फोटोवर सगळं ठरत नाही, पण फोटो नसता तर तिचं बोलणं कुणी ऐकलं असतं? तिला पोटगी मिळाली.

आता निगेटिव्ह उरली नाही. फोटो फोनमध्ये नाही तर कार्डात असतात. एका लग्नात दोन-दोन हजार. फोन पडला, बिघडला की सगळं गेलं. फोनमधला फोटो कोर्टात द्यायचा झाला तर सोबत तसं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. म्हणून दोन हजार राहू द्या, बारा फोटो निवडा आणि कागदावर छापून घ्या.

एक काम मात्र मी घेत नाही. मध्यंतरी एक गृहस्थ इसार घेऊन आले. म्हणाले, "घरगुतीच कार्य हाय, गाजावाजा करायचा न्हाई." मुलगी सोबतच होती. तिच्याकडं पाहून मी म्हणालो, "आबा, मुलीचा शाळेचा दाखला दावा." ते चिडले. "तुला फोटो काढायचेत का पंचनामा करायचाय?" मी पैसे परत दिले. मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 पुरं नसेल तर तो बालविवाह. 2006 सालच्या कायद्याप्रमाणं तो लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मदतीत मंडपवाला येतो, आचारी येतो, फोटोवालाही येतो. ते गृहस्थ गेल्यावर मी 1098 या नंबरला फोन केला. हा नंबर मुलांच्या मदतीसाठी आहे. त्याला पैसे पडत नाहीत. कुणीही फोन करावा. पुढच्या वर्षी तीच मुलगी मला शाळेच्या रस्त्याला दिसली, सायकलवर. तिनं मला ओळखलं नाही.

आता तुमच्या घरातला जुना फोटो काढा. ट्रंकेत असेल, देव्हाऱ्यामागं असेल. त्यात किती माणसं ओळखू येतात? पुढं बसलेला पोरगा कोण? फेट्यातला गृहस्थ मामा की चुलता? ज्याला ठाऊक आहे तो म्हातारा आज आहे. त्याला विचारा आणि फोटोच्या मागं लिहा. आता तुम्हांला लिहिता येतं. आधी नवरा-नवरीचं पुरतं नाव लिहा, नवरीचं माहेरचं नावसुद्धा. मग गाव आणि तारीख. मग माणसं, डावीकडून उजवीकडं. तारीख आठवत नसेल तर वर्ष लिहा. वर्षही आठवत नसेल तर "पानशेत धरण फुटलं त्याच्या दुसऱ्या साली" असं लिहा. ते धरण 1961 साली फुटलं. वाचणारा हिशोब करील.

जुन्या कागदावर मऊ पेन्सिलीनं लिहा, हलक्या हातानं आणि कडेला. बॉलपेन दाबून लिहू नका. त्याचा वळ पुढं चेहऱ्यावर उठतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो घालू नका. तो गोंद पिवळा पडतो आणि फोटो निघत नाही. नव्या फोटोचा कागद मागूनही गुळगुळीत असतो, त्यावर पेन्सिल उमटत नाही. तेव्हा वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि फोटो व चिठ्ठी एका कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावरही नावं घाला. फोटो आत घालायच्या आधी घाला, म्हणजे दाब पडणार नाही.